कोणता ब्राउझर बरा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट केलं आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मागे सांबारवडी तळायला सुरुवात झाली आहे, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मीही फार ताणणार नाही.

गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला. ‘सावधान! अमका ब्राउझर ताबडतोब काढा, तमका टाका, नाहीतर खातं रिकामं होईल.’ त्यावर दोन दिवस चर्चा चालली. एकाने लिहिलं, क्रोमच सगळ्यात चांगला. दुसऱ्याने लिहिलं, विदेशी कशाला, देशी टाका. तिसऱ्याने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. शेवटी सचिवसाहेब म्हणाले, “तुमचं कामच कॉम्प्युटरचं आहे, तुम्हीच एकदा सांगून टाका.” म्हणून उभा आहे.

आधी ब्राउझर म्हणजे काय ते. कारण परवाच पहिल्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, “मी तं फक्त व्हॉट्सॲप पाह्यते बाप्पा, मले ब्राउझर कायले लागते?” काकू, व्हॉट्सॲपवर कोणी निळी लिंक पाठवली आणि तुम्ही तिच्यावर बोट ठेवलं, की जे उघडतं ते ब्राउझर. तुम्ही त्याला बोलावलं नाही तरी तो येतो. आणि गूगल म्हणजे ब्राउझर नाही. गूगल हे शोधायचं ठिकाण. क्रोम हा ब्राउझर, म्हणजे ज्या गाडीत बसून आपण त्या ठिकाणी जातो ती गाडी. गाडी गूगलनेच बनवली आहे, म्हणून घोटाळा होतो. फायरफॉक्स, एज, सफारी, ब्रेव्ह, ऑपेरा या दुसऱ्या गाड्या. बँकेत जायचं, सातबारा पाहायचा, रेल्वेचं तिकीट काढायचं, तर यातल्या कोणत्या तरी एका गाडीत बसूनच जावं लागतं.

गाडीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना नवीन उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायचा आदेश निघाला, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पार्किंगमधल्या निम्म्या तरी एमएच ४० गाड्या त्यात आल्या. मागच्या इमारतीतल्या एका काकाजींनी स्कूटरसाठी मोबाईलवर शोध घेतला, पहिलीच जी साइट आली ती उघडली, गाडीचा नंबर टाकला, चेसिस नंबर टाकला, मोबाईल नंबर टाकला, पैसे भरले. पावतीसुद्धा आली! प्लेट मात्र आली नाही. पंधरा दिवसांनी फोन आला, ‘तुमची प्लेट तयार आहे, कुठपर्यंत पोहोचली ते पाहायला हे ॲप टाका.’ सूनबाई बाजूला होत्या, त्यांनी फोन हातातून घेतला, म्हणून पुढचं टळलं. गेले ते शेपाचशे रुपये. पण त्या दिवसापासून काकाजींनी मोबाईलवरून पैशाचा व्यवहार बंद केला. वय ७४, गुडघ्याचा त्रास, आणि पेन्शनचे पैसे काढायला उन्हात बँकेच्या रांगेत उभे राहतात. नाव न घेता ही गोष्ट सांगा, असं त्यांनीच मला म्हटलं. ते इथेच बसले आहेत.

हे एकट्या काकाजींचं नाही. नंबर प्लेटच्या नावाने खोट्या साइट निघाल्या आणि परिवहन खात्याला सायबर पोलिसांकडे तक्रार करावी लागली, हे तेव्हा पेपरात आलं होतं. मला त्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, “काकाजींचा ब्राउझर खराब होता का?” नव्हता. चांगला, ताजा क्रोम होता. म्हणजे चांगला ब्राउझर असूनही माणूस फसतो. मग निवडायचा कशाला? कारण ब्राउझर काही गोष्टी थांबवू शकतो आणि काही थांबवू शकत नाही. कोणत्या ते कळलं, की निवड सोपी होते.

पहिली गोष्ट कुलपाची. वरच्या पट्टीत पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं. मीही लोकांना सांगताना ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. आपण काटोलचे लोक, आपल्याला संत्र्याची पेटी समजते. पेटीला सील आहे याचा अर्थ काय? बागेतून निघाल्यापासून मार्केटपर्यंत वाटेत कोणी ती उघडली नाही. आतली संत्री गोड आहेत की वरच्या थरात मोठी आणि खाली चिंगूरमिंगूर भरली आहेत, हे सील सांगत नाही. आणि सील कोणी लावलं? माल भरणाऱ्यानेच! ब्राउझरचं कुलूप तसंच. तुम्ही टाकलेला पासवर्ड वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे बसलेला माणूस चोर असेल तर तुमचा पासवर्ड चोराला अगदी सुरक्षितपणे पोहोचतो. पूर्वी या कुलपासाठी पैसे लागत. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था ते सगळ्यांना फुकट देऊ लागली. चांगलं काम आहे, त्यामुळे जगातल्या बहुतेक साइटना कुलूप आलं. पण चोरालाही आलं. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं आणि तिथे सेटिंगसारखं एक साधं चिन्ह ठेवलं. लोक चुकीचा अर्थ काढतात, हे कारण गूगलनेच दिलं. तेव्हा काका लोकहो, कुलूप शोधू नका. कुलूप नसेल, ‘असुरक्षित’ असं लिहिलेलं असेल, तर मात्र तिथे काहीच भरू नका.

शोधायचं काय, तर पत्ता. आणि पत्ता वाचायची एक पद्धत आहे. पत्त्यात पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिथून उलटं, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचं. आपण पोस्टाचा पत्ता पाहतो तसं. मु. पारडसिंगा, ता. काटोल, जि. नागपूर. पत्र कोणत्या जिल्ह्यात जाणार हे शेवटच्या शब्दावरून ठरतं. आता नागपुरात काटोल रोड आहे, काटोल नाका आहे. नावात काटोल आहे म्हणून कोणी बसमध्ये बसून इथे आला तर तो साठ किलोमीटर चुकला! खोट्या साइटचा पत्ता अगदी काटोल नाक्यासारखा असतो. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव, मग आडवी रेघ, मग ‘केवायसी’, मग ‘अपडेट’, आणि शेवटी डॉट कॉम किंवा डॉट टॉप किंवा असंच काही. बँकेचं नाव दिसलं की आपण निवांत होतो. ते नाव तिथे कोणीही लिहू शकतो. शेवट काय आहे ते पाहा.

यात एक चांगली गोष्ट नुकतीच झाली आहे आणि ती आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, की भारतातल्या बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट राहील आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट तिकडे न्याव्यात. हा शेवट कोणालाही विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेची संस्था तो फक्त बँकांना देते. म्हणजे आता बँकेची साइट ओळखायला इंग्रजी फार यावं लागत नाही. शेवटी ‘बँक’, टिंब, ‘इन’ आहे का, एवढंच बघायचं. मात्र नीट बघायचं, मध्ये टिंबच पाहिजे, आडवी रेघ नको, आणि त्याच्यापुढे आणखी डॉट कॉम वगैरे नको. सरकारी कामाला तसाच ‘जीओव्ही डॉट इन’. नंबर प्लेटसाठीसुद्धा राज्याच्या परिवहन विभागाच्या जीओव्ही डॉट इन साइटवर जायचं आणि तिथून पुढची लिंक घ्यायची. गूगलमध्ये शोधून वरची पहिली उघडायची नाही. कारण वरची पहिली बहुतेक वेळा जाहिरात असते. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते चष्म्याशिवाय कोणाला दिसते?

इथून ब्राउझरच्या निवडीला खरी सुरुवात होते. जाहिरात बनवणाऱ्याकडून पैसे घेणारी कंपनी आणि क्रोम बनवणारी कंपनी एकच आहे. मी गूगलला चोर म्हणत नाही. क्रोमची आतली बांधणी भक्कम आहे, तो स्वतःहून लवकर लवकर दुरुस्त होतो, आणि धोकादायक साइटची गूगलची यादी एवढी चांगली आहे की फायरफॉक्स आणि सफारीसुद्धा तीच वापरतात. लाल पडदा येऊन ‘पुढे धोका आहे’ असं लिहून येतं, ती हीच यादी. (तो लाल पडदा आला की ‘तरीही पुढे जा’ दाबणारे महाभाग आपल्याच सोसायटीत आहेत, मी नाव घेत नाही.) पण जाहिराती अडवायच्या बाबतीत क्रोमचा हात आखडता आहे. युब्लॉक ओरिजिन नावाचं एक फुकट जोड-साधन आहे, जाहिराती आणि बऱ्याच फसव्या साइट अडवणारं. क्रोमने आपले नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये ते पूर्ण ताकदीचं साधन क्रोममधून बाद झालं. त्याचं हलकं रूप तेवढं उरलं. फायरफॉक्समध्ये ते अजून पूर्ण चालतं, आणि अँड्रॉइड मोबाईलवरच्या फायरफॉक्समध्येही चालतं. मोबाईलवरच्या क्रोममध्ये असं काही बसवायची सोयच नाही. काकाजींच्या मोबाईलवर ते असतं, तर वरची जाहिरात बहुधा दिसलीच नसती.

ही झाली माझ्या बाजूची शिफारस. आता तिची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलला. फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही ना-नफा संस्थेची कंपनी आहे, पण तिचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं, शोधाच्या खिडकीत गूगल ठेवण्याबद्दल. आणि काही सरकारी साइट फायरफॉक्समध्ये रुसून बसतात. तेव्हा दुसरा ब्राउझर हाताशी ठेवावाच लागतो. ब्रेव्ह आहे, त्यात जाहिराती अडवायची सोय आधीपासूनच असते, वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्यांना सेटिंगमध्ये जायचा कंटाळा आहे त्यांना तो बरा. फक्त त्यातल्या क्रिप्टोच्या बक्षिसाच्या भानगडीकडे पाहू नका. एज विंडोजसोबत येतो, तोही चांगला. आयफोनवाल्यांनी फार डोकं लावू नये, भारतात आयफोनवर ब्राउझरचं नाव काहीही असो, आतलं इंजिन सफारीचंच असतं.

इंजिनचंही एक सांगून टाकतो. दुकानात दहा-बारा ब्राउझर दिसतात, पण आतली इंजिनं खरं तर तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि देशी ‘उला’ हे सगळे क्रोमियमवर चालतात. फायरफॉक्सचं गेको वेगळं, ॲपलचं वेबकिट वेगळं.

आता देशीचा मुद्दा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवायची स्पर्धा घेतली होती. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीच्या उलाला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. उला मी वापरून पाहिला आहे, स्वच्छ आहे, लहान मुलांसाठी वेगळा कप्पा आहे. ज्यांना देशी वापरायचा आहे त्यांनी खुशाल वापरावा. फक्त देशी आहे म्हणून सुरक्षित, असं समीकरण मांडू नका, आणि विदेशी आहे म्हणून असुरक्षित असंही नको.

याला दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. यूसी ब्राउझर आठवतो का? टूजीच्या काळात काटोलात ज्याच्या हातात मोबाईल त्याच्यात यूसी. कमी नेटमध्ये लवकर उघडायचा, क्रिकेटचा स्कोर दाखवायचा. चीनच्या अलिबाबा कंपनीचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तपासून दाखवलं, की लोक त्यात जे शोधतात ते शब्द कुलूप न लावताच बाहेर जातात. म्हणजे पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं, वाटेत कोणीही वाचा. ही गोष्ट २०१५ ची आणि आपल्याकडे तो बंद झाला २९ जून २०२० ला, सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली तेव्हा. मधली पाच वर्षं लोक वापरतच होते.

दुसरा दाखला आपल्या घरचा. ब्राउझरच्या पोटात एक यादी असते, कोणाकोणाने दिलेलं प्रमाणपत्र खरं मानायचं याची. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं, की आपल्या सरकारच्या एनआयसीकडून गूगलच्या नावाची अशी प्रमाणपत्रं निघाली आहेत जी निघायलाच नको होती. याहूच्याही नावाची होती. त्या प्रमाणपत्रांच्या जोरावर कोणी खोटी साइट उभी केली असती, तर विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम तिला खरी समजले असते, कारण विंडोजच्या यादीत भारताचं नाव होतं. प्रमाणपत्रं रद्द झाली, क्रोमने भारतीय प्रमाणपत्रं ठराविक भारतीय पत्त्यांपुरतीच मर्यादित केली. त्या प्रकरणात फायरफॉक्सवाल्यांना मात्र काहीच धोका नव्हता, कारण फायरफॉक्स विंडोजची यादी वापरत नव्हता, स्वतःची वेगळी ठेवत होता. मला कोणी विचारलं ब्राउझर बदलल्याने खरंच फरक पडतो का, तर मी हे उदाहरण देतो. वापरणाऱ्याला त्यातलं काही दिसलं नाही, कळलं नाही, तरी फरक पडला.

पण सगळ्यात मोठा फरक कशाने पडतो म्हणाल, तर नावाने नाही, वयाने. ब्राउझर ताजा आहे की शिळा. दर काही आठवड्यांनी ब्राउझरमध्ये भोकं सापडतात आणि बनवणारे ती बुजवतात. बुजवलेलं आपल्यापर्यंत आलं नाही, तर भोक कुठे आहे हे जगाला माहीत आणि आपल्या दाराला ते तसंच. ताजा एज हा शिळ्या फायरफॉक्सपेक्षा कितीतरी बरा. मोबाईलवर प्ले स्टोअरमधून अपडेट करायचा. वर लाल किंवा हिरवा बाण दिसतो ना, ‘अपडेट करा’ म्हणून, तो महिनाभर तसाच ठेवू नका.

आणि इथे मला आपल्या ऑफिसकडे बोट दाखवावं लागते. अध्यक्षसाहेबांची परवानगी घेतली आहे. आपल्या ऑफिसात जो कॉम्प्युटर आहे त्यावर विंडोज ७ आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला बंद केली. त्यावर जो क्रोम आहे तो १०९ क्रमांकाचा. विंडोज ७ साठी क्रोमची ती शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ पासून नवीन येतच नाही. त्याच क्रोममधून आपला मेन्टेनन्स तपासला जातो, सहकार खात्याची विवरणपत्रं भरली जातात, आणि सिंकिंग फंडाचं खातं उघडलं जातं. आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दरवर्षी, प्रत्येक सदस्याकडून. पंचवीस वर्षं. त्यातले किती तरी सदस्य आज नाहीत. त्यांनी भरलेला तो पैसा, गच्चीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला, आज एका न बुजवलेल्या भोकाच्या पलीकडे आहे.

मागच्या कमिटी मीटिंगमध्ये मी हे मांडलं तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “चालू आहे ना तो? मंग कायले बदलता? पैसे जास्त झाले का?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, सोसायटीचा पैसा जपूनच खर्च करायला पाहिजे. त्यांच्यासाठी माझा प्रस्ताव असा. टॅलीचा हिशेब त्या जुन्या कॉम्प्युटरवरच राहू द्या, फक्त त्याची नेटची वायर काढा. नेटसाठी एक साधा लॅपटॉप घ्या, किंवा तेही नको असेल तर आपल्यापैकी कोणाकडे जुना लॅपटॉप पडलेला असेल तो द्या, मी त्यावर फुकटचं लिनक्स आणि फायरफॉक्स टाकून देतो. त्यावर बँक आणि सरकारी कामं, दुसरं काही नाही. गाणी नाही, निकाल पाहणं नाही, कोणाचा पेन ड्राइव्ह नाही. आणि बँकेला सांगून एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची अशी सोय खात्याला लावून घ्या. मग कोषाध्यक्षांचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी एका हाताने पैसे जाणार नाहीत. घरी ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनीही लक्षात घ्यावं, त्याचीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

आता घरच्या मोबाईलमध्ये करण्यासारखं. सगळं सांगत नाही, जे मला तुमच्या मोबाईलमध्ये वारंवार दिसते तेवढंच.

‘तुमच्या मोबाईलमध्ये ३ व्हायरस आहेत’ असे निरोप दिवसभर येतात आणि काकू लोक घाबरून मला फोन करतात. ते व्हायरस नसतात. कोणत्या तरी रेसिपीच्या नाहीतर भविष्याच्या साइटने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि आपण ‘हो’ दाबलं, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की बंद. पण तो निरोप दाबून ‘क्लीनर’ टाकलात, तर मग खरंच काहीतरी मोबाईलमध्ये शिरते.

तसंच, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ म्हणून एक जागा आहे. तिथे क्रोम आणि व्हॉट्सॲप या दोघांचीही परवानगी बंद ठेवा. चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने ज्या एपीके फायली फिरतात त्या इथेच अडतात. ब्राउझर कोणताही असो, ही एक कडी लावली तरी निम्मं काम झालं.

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवावा की नाही, यावर वाद आहे. मी म्हणतो, स्वतःच्या, स्क्रीनलॉक असलेल्या मोबाईलमध्ये साठवा. कारण ब्राउझर पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. काटोल नाक्याला काटोल समजायची गडबड आपण करतो, तो करत नाही. ज्या साइटवर नेहमी पासवर्ड आपोआप भरला जातो तिथे एक दिवस भरला गेला नाही, तर हाताने टाकायच्या आधी थांबा, पत्ता वाचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र काहीही साठवायचं नाही.

तरुण मंडळींसाठी एक. इनकॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमचा इतिहास दिसत नाही, एवढंच. साइटला तुम्ही दिसता, नेट देणाऱ्या कंपनीला दिसता. अमेरिकेत यावरून गूगलवर २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ मध्ये गूगलने साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करून तो मिटवला. तेव्हा उगाच टोपी घालून फिरल्यासारखं वाटून घेऊ नका. आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की ती तुमच्या ब्राउझरमध्ये न उघडता त्यांच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे पत्ता नीट दिसत नाही आणि तुमचं जाहिरात अडवणारं साधनही चालत नाही. पैशाचं काम असेल तर तीन टिंबं दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये न्या.

एवढं करूनही पैसे गेले तर? १९३० हा नंबर. लगेच, त्याच मिनिटाला. उद्या सकाळी नाही, मुलाला विचारून नाही. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतो, लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतो. बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. तुम्हीच ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून त्यातही लाजून गप्प बसण्यात फायदा नाही. काकाजींनी शेपाचशेसाठी कुठे तक्रार करायची म्हणून केली नाही. करायला पाहिजे होती, छोट्या रकमेचीही नोंद होते, आणि तोच मोबाईल नंबर पुढे आणखी कोणाला फसवत असतो.

मी स्वतः काय वापरतो ते विचारलंच आहे, तर सांगतो. बँक आणि सरकारी कामासाठी फायरफॉक्स, त्यात युब्लॉक ओरिजिन, आणि बँकेचे पत्ते बुकमार्क करून ठेवलेले. बाकी इकडचं तिकडचं वाचायला क्रोम. दोन ब्राउझर वेगळे ठेवायचं कारण साधं आहे, बाजारात फिरायच्या चपला देवघरात कोणी नेत नाही. तुम्ही उलटं करा, बँकेला एज आणि बाकीला ब्रेव्ह करा, माझी हरकत नाही.

उद्या रविवार आहे. सकाळी १० ते १२ मी ऑफिसात बसतो. आपापला मोबाईल चार्ज करून आणा. ब्राउझर अपडेट करणं, बुकमार्क करणं, नको त्या परवानग्या काढणं, एवढं प्रत्येकाचं दहा मिनिटांत होते. पिन, पासवर्ड, ओटीपी मला सांगू नका, मी विचारणार नाही आणि तुम्ही टाकत असाल तेव्हा तोंड फिरवून बसेन. काकाजींनी पहिला नंबर लावला आहे, त्यांच्या बँकेचा नवा पत्ता आपण सगळ्यांसमोर उजवीकडून डावीकडे वाचणार आहोत. आणि कोणाकडे जुना लॅपटॉप असेल, तर तोही येताना घेऊन या.

चला, सांबारवडी थंड होते आहे.